नावाचा सातबारा

चंद्रपूरला दोन रेल्वे स्टेशने आहेत. एकाच्या पाटीवर 'चंद्रपूर' आहे, दुसऱ्याच्या पाटीवर अजून 'चांदा फोर्ट'. १९६४ च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले. पण गोंदियाहून येणाऱ्या लाइनीवरच्या त्या स्टेशनला ही बातमी कुणी कळवली नसावी. थोडे पुढे गेले की गावाचे नाव बल्लारपूर आणि स्टेशनचे नाव बल्हारशाह. खेड्यातली म्हातारी माणसे आजही 'चांद्याले जातो' असेच म्हणतात आणि बरोबर पोचतात. कुणाचे कुणावाचून अडत नाही. पोस्टमनला 'चंद्रपूर' लिहा, 'चंद्रपुर' लिहा, 'चन्द्रपूर' लिहा, पत्र त्याच घरी येणार. नाव हे आपल्याकडे अंगावरच्या सदऱ्यासारखे असते, थोडे सैल असले तरी चालते.

इंटरनेटवर तसे चालत नाही. संगणकाच्या लेखी ही तीन चंद्रपुरे तीन वेगळी गावे आहेत आणि तिन्ही तीन वेगवेगळ्या माणसांच्या मालकीची असू शकतात. २७ ऑगस्ट २०१४ ला 'डॉट भारत' ही देवनागरी नावांची सोय सुरू झाली, तेव्हापासून ऱ्हस्व-दीर्घाचा वाद शुद्धलेखनाच्या तासापुरता राहिलेला नाही. पहिल्या वेलांटीचे गाव एकाचे आणि दुसऱ्या वेलांटीचे दुसऱ्याचे, असे होऊ शकते.

संकेतस्थळाच्या या पत्त्याला डोमेन नेम म्हणतात. लोक म्हणतात, 'आम्ही नाव विकत घेतले.' मी आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे मला हा शब्द खटकतो. नाव कुणी विकत घेत नाही. ते बँकेतल्या लॉकरसारखे असते. वर्षाचे भाडे भरायचे, किल्ली सांभाळायची. भाडे थकले, पत्रे आली, पत्त्यावर माणूस सापडला नाही, की एक दिवस लॉकर दुसऱ्याला दिला जातो. फरक एवढाच की बँक आतले दागिने पंचनामा करून बाजूला ठेवते. इथे नावाबरोबर त्या नावाने कमावलेली ओळखही जाते. सातबाऱ्यावर निदान मागच्या मालकाचे नाव आळे करून का होईना, दिसत राहते.

हे सगळे मला कळण्याचे कारण एक तरुण मुलगा. ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या अलीकडे त्याचे गाव आहे. घराला लागून तीन खोल्या, समोर मोहाचे झाड, आईच्या हातचा स्वयंपाक. पाहुणे यायला लागले तसे चंद्रपूरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदाराने त्याला संकेतस्थळ करून दिले. नाव गावदेवाचे, पुढे गावाचे. चांगले चालले होते. करोनात दुकान बंद पडले, दुकानदार गाव सोडून गेला. नाव मुलाच्या नव्हे, दुकानाच्या नावावर नोंदलेले होते. भाडे भरण्याच्या आठवणी दुकानाच्या ई-मेलवर येत राहिल्या आणि तिथे त्या वाचायला कुणी नव्हते. एके दिवशी मुंबईच्या जुन्या पाहुण्यांचा फोन आला, 'अरे, तुझ्या पानावर भलत्याच हॉटेलांच्या जाहिराती कशा?' चौकशी केली तर नाव एका अनोळखी माणसाकडे. तो ते परत द्यायला तयार होता. किंमत डॉलरमध्ये, जुनी मोटारसायकल येईल एवढी.

मुलगा माझ्याकडे आला. आमच्या भागात निवृत्त बँकवाल्याकडे लोक कोणताही कागद घेऊन येतात. विहिरीचा वाद, सुनेचे माहेर, विम्याचा दावा. तो म्हणाला, ''साहेब, गाव माहा, देव माहा, खोल्या माह्या. मंग नाव त्याचा कसा होते जी?''

प्रश्न सरळ होता. उत्तर शोधायला मला पंधरा दिवस लागले.

नावांच्या या भांडणांसाठी जगात एक निवाड्याची रीत आहे. 'आयकॅन' ही अमेरिकेतली संस्था नावांचा जागतिक कारभार पाहते. तिने २६ ऑगस्ट १९९९ ला हे धोरण स्वीकारले. (गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तोही २६ ऑगस्टलाच, १९८२ साली. योगायोगाला अर्थ नसतो, पण तारीख लक्षात राहते.) निवाडा करतात ते पंच. जिनिव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना, म्हणजे 'वायपो', हे काम सर्वांत जास्त करते. 'डॉट इन' नावांचा कारभार २००५ पासून आपल्याकडे 'निक्सी' या संस्थेकडे आहे. तिची लवादाची वेगळी, पण याच वळणाची रीत आहे.

जागतिक रीतीत तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, ते नाव माझ्या ट्रेडमार्कसारखे किंवा त्याच्याशी घोटाळा होण्याइतके जवळचे आहे. दोन, समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही. तीन, त्याने ते वाईट हेतूने नोंदवले आणि वाईट हेतूने वापरले. तिन्ही हव्यात, दोनांनी भागत नाही. उत्तर द्यायला समोरच्याला वीस दिवस. साक्षीपुरावे, उलटतपासणी, काळा कोट यांतले काही नाही, सगळे कागदावर. साधारण दोन महिन्यांत निकाल. जिंकलात तर नाव तुमच्याकडे येते किंवा रद्द होते. नुकसानभरपाई म्हणून एक पैसा मिळत नाही. कोर्टात जायची वाट दोघांनाही मोकळी असते.

दोन महिन्यांत निकाल! आपल्या दिवाणी कोर्टात वकीलपत्र दाखल होऊन पहिली तारीख पडायला एवढा वेळ जातो. म्हणून या रीतीला नावे ठेवण्याआधी तिची गरज मान्य केली पाहिजे. ती नव्हती तेव्हा काय होत होते हे आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने पाहिले आहे. 'रेडिफ'च्या नावात एक अक्षर बदलून कुणी 'रॅडिफ' नोंदवले आणि १९९९ मध्ये न्यायालयाला ते थांबवावे लागले. २००४ मध्ये 'सिफी' नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की डोमेन नेम हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण आहे. बँकवाला म्हणून तर मी कडक निवाड्याच्या बाजूचा आहे. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे करून पेन्शनरांची आयुष्याची पुंजी गिळणारी पाने मी पाहिली आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या राखीव आळीत पत्ता हलवायला लावला, ३१ ऑक्टोबरची मुदत दिली आणि नावे देण्याचे काम हैदराबादच्या 'आयडीआरबीटी' या एकाच संस्थेकडे ठेवले, हे उत्तम झाले. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा शेवटचा तुकडा वाचायला जरूर शिकवा.

पण मोहर्लीच्या मुलाकडे ट्रेडमार्क नव्हता. नोंदणी नसली तरी वर्षानुवर्षांच्या वापरातून नावावर हक्क तयार होतो, तो पंच मानू शकतात, मात्र त्याचा पुरावा द्यावा लागतो. त्याच्याकडे पुरावा म्हणजे पाहुण्यांच्या अभिप्रायांच्या दोन वह्या, एकीवर रश्श्याचे डाग. आणि 'डॉट कॉम' नावाची तक्रार वायपोकडे एका पंचापुढे चालवायची तर फी दीड हजार डॉलर. म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या घरात, वकील वेगळा. ''सव्वा लाखात माह्या खोल्यांवरचे टीन बदलून होते जी,'' असे म्हणून त्याने विषय संपवला. दुसरे नाव घेतले, यावेळी स्वतःच्या मोबाइलवर आणि स्वतःच्या ई-मेलवर. जुने पाहुणे जुन्याच पत्त्यावर जातात आणि भलत्याच हॉटेलात उतरतात. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

इथवरची गोष्ट जगात हजारोंची असेल. मला छळणारा भाग पुढे आहे. ही रीत वापरणाऱ्यांना ती कशी वाटली, हे वेळोवेळी विचारले जाते. आणि विचारण्याच्या त्या पद्धतीत हा मुलगा कुठेच बसत नाही.

विचारत नाहीत असे नाही. धोरण ठरण्याआधी १९९८-९९ मध्ये वायपोने जगभर सल्लामसलत केली होती. आयकॅनने आपल्या सर्व संरक्षण-तरतुदींचा आढावा घेण्यासाठी २०१६ मध्ये एक कार्यगट नेमला. नव्या तरतुदी आधी, १९९९ चे मूळ धोरण नंतर, अशी दोन टप्प्यांची विभागणी केली. पहिल्या टप्प्याचा अहवाल यायला २०२० उजाडले. दुसरा टप्पा वारंवार पुढे ढकलला गेला. २०२२ मध्ये मूळ धोरणाचा स्थितीदर्शक अहवाल निघाला आणि त्यावर लोकांची मते मागवण्यात आली. २०२४ मध्ये वायपो आणि नावांचा व्यापार करणाऱ्यांची संघटना यांनी मिळून तज्ज्ञांचा गट बसवला. मते द्यायला कुणालाही मज्जाव नाही, अगदी मोहर्लीच्या मुलालाही. पण मते आली कुणाची? कंपन्यांच्या वकिलांची, ट्रेडमार्कवाल्यांच्या संघटनांची, निवाडा करणाऱ्या संस्थांची, नावांच्या व्यापाऱ्यांची. सगळी माणसे आपापल्या परीने खरे बोलणारी. वकील म्हणाले, रीत उत्तम आहे, हात लावू नका, मोडेल. व्यापारी म्हणाले, मोठ्या कंपन्या लहानांची नावे तक्रारीच्या धाकाने लुबाडतात, त्यांना दंड करा. हे दुसरे म्हणणेही खोटे नाही. तक्रारच वाईट हेतूने केली होती असा शेरा पंच मारू शकतात, पण शेऱ्यापलीकडे तक्रारदाराला शिक्षा काही नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये आयकॅनची सभा हैदराबादला भरली होती. सिरोंच्याहून गोदावरी ओलांडली की तेलंगण, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या अंगणातच म्हणा. ३ ते ९ नोव्हेंबर. आठ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. जगभरचे नियमतज्ज्ञ खिशात पाचशेच्या नोटा घेऊन हैदराबादेत बसलेले असतील, एका भाषणाने खिशातल्या कागदाचे नाव बदलले असेल, ही कल्पना मला आजही गमतीची वाटते. बँकेत त्या दिवसांत मला मात्र गंमत सुचत नव्हती.

आकडे पाहा. २०२३ मध्ये एकट्या वायपोकडे सहा हजारांहून जास्त तक्रारी आल्या. निकालापर्यंत गेलेल्या प्रकरणांत दहातल्या नऊहून अधिक तक्रारदाराच्या बाजूने लागतात. बहुसंख्य प्रकरणांत समोरचा माणूस उत्तरच देत नाही. हा आकडा पाहून एक जण म्हणेल, चोर पळाले, उत्तर कशाला देतील? बहुतेक ठिकाणी ते खरेही आहे. पण न बोलणाऱ्यांत न कळलेले किती, इंग्रजी न येणारे किती, वीस दिवस भात रोवणीत गेलेले किती? ते या आकड्यात दिसत नाही. आणि फीचा आकडा ऐकून दारातूनच परतलेले तर मोजलेच जात नाहीत. दवाखान्यात आलेल्या रोग्यांनाच 'दवाखाना दूर वाटतो का?' असे विचारावे, त्यातला हा प्रकार.

ही मोजणी मला चांगली ओळखीची आहे. गोइपोरिया समितीच्या अहवालानंतरच्या, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या दिवसांत बँकांना ग्राहकसेवेची मोठी जाग आली होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या ज्या शाखेत मी तेव्हा होतो तिथे वरून छापील अभिप्रायपत्रके आली. इंग्रजी आणि हिंदी. 'आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात काय?' शाखेचे निम्मे ग्राहक माडिया किंवा गोंडी बोलणारे, अंगठा लावणारे, तेंदूपत्त्याचे पैसे घ्यायला येणारे. सूचनापेटीत एकदा विडीची थोटके आणि एकदा गांधीलमाशीचे पोळे निघाले. पत्रके मात्र भरून वर गेली, सगळी समाधानी. ती कुणी भरली हे विचारायचे नसते.

एका बाजारच्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईला तिच्या नातवाच्या तोंडून विचारले, 'बँकेत काय जड जाते?' तिने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, 'तुमचा ओटा उंच आहे. माझे पैसे कोण मोजते ते मला दिसत नाही.' काउंटर खरोखरच तिच्या डोळ्यांच्या वर होता. त्या छापील पत्रकात ओट्याच्या उंचीचा प्रश्न नव्हता, आणि मुंबईत बसून तो कुणाला सुचलाही नसता. सुताराकडून एक लाकडी पायरी ठोकून घेतली. खर्च किरकोळ होता, पण तो कोणत्या खात्यात टाकायचा यावर दोन पत्रे झाली.

विचारायचे कसे, हे शिकायला आमच्या जिल्ह्यांतून बाहेर जायची गरज नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना टेकायला जागा नसते. म्हणून शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा उभा राहिला आणि त्याला नाव मिळाले 'माँ दंतेश्वरी दवाखाना'. नाव दात्याचे नाही, पुढाऱ्याचे नाही. रोग्यांच्या देवीचे.

दुसरे गाव धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाची. देवाजी तोफा आणि २०२५ मध्ये गेलेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते नाव देशभर पोचले, पण मला तिथली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ग्रामसभेची रीत. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचे, पुन्हा बसायचे. आणि निर्णयाच्या सभेपासून वेगळा असा अभ्यासगट, जिथे नुसते समजून घ्यायचे, ठरवायचे काही नाही. आपल्याकडच्या समित्या दोन्ही एकाच बैठकीत उरकतात, म्हणून चहा लवकर येतो.

या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. मग वाद आला तो नावाचाच. बांबूला काय म्हणायचे? १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांत मोजले होते. झाड म्हटले की इमारती लाकूड, म्हणजे खात्याचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनउपज म्हटले, म्हणजे गावाचे. शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते की बांबू हे गवत आहे, पण नाव ठरवणार कोण? बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे मिळत असे तेव्हा त्याच्या नावाची कुणाला अडचण नव्हती. गावाने विकायला काढला तेव्हा वाहतुकीचा पास मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि पासचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. १९२७ च्या कायद्यातली झाडाची व्याख्या बदलायला २०१७ उजाडावे लागले. तीही फक्त जंगलाबाहेरच्या बांबूपुरती.

नावाने मालकी ठरते हे आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको. ताडोबाचेच घ्या. त्या तलावाकाठी ज्याचे ठाणे आहे तो तारू, वाघाशी झुंजताना गेलेला गावप्रमुख अशी गोंडांची कथा आहे. १९५५ मध्ये त्याच्या नावाचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प. आज त्याचे नाव जोडलेली किती संकेतस्थळे आहेत ते मोजायला मी एका संध्याकाळी बसलो आणि कंटाळून उठलो. त्यात वाईट काही नाही, देव सर्वांचा. पण गावाच्या, डोंगराच्या, नदीच्या नुसत्या नावाला या जागतिक रीतीत संरक्षण नाही. त्याचा ट्रेडमार्क असेल तर आहे. म्हणजे ज्यांचे नाव, त्यांचा दावा चालत नाही. ज्याने नोंदवले, त्याचा चालतो.

हे फक्त लहानांचेच होते असेही नाही. अमेझॉन कंपनीने २०१२ मध्ये 'डॉट अमेझॉन' ही अख्खी आळीच मागितली. ब्राझील, पेरू आणि त्या नदीखोऱ्यातले देश म्हणाले, हे आमच्या नदीचे आणि अरण्याचे नाव आहे. २०१४ मध्ये अर्ज फेटाळला गेला, २०१७ मध्ये स्वतंत्र पंचांचे मत कंपनीच्या बाजूने पडले, २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. आठ देशांची सरकारे बोलत होती, तरी असे झाले. अरण्यात राहणाऱ्यांना तर त्या वादात थेट पक्षकार म्हणून कुठे जागाच नव्हती.

मागच्या महिन्यात तो मुलगा पुन्हा आला होता, मोह वेचण्याच्या दिवसांत. मी म्हटले, बस, आपण या लोकांना एक कागद लिहू. मराठीत लिहू, खाली इंग्रजी जोडू. मी बँकेच्या सवयीने 'विषय' आणि 'संदर्भ' घातले आणि मुद्दे काढले. फी गरिबाला परवडेल अशी उतरंडीची असावी. नोटीस माणसाच्या भाषेत जावी. तक्रार करू न शकलेल्यांनाही विचारावे, आणि त्यासाठी गावोगावच्या सेतू केंद्रांचा उपयोग करावा. दुकानदाराने गिऱ्हाइकाचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवू नये असा नियम करावा.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, ''साहेब, प्रश्न लिहा जी. ते लोक आमाले काय काय विचारतीन, ते आपनच लिहून देऊ.'' पहिला प्रश्न त्याने सांगितला तसाच लिहिला आहे: नाव गेल्याचे तुम्हाला कुणी सांगितले, आणि कधी?